कॉन्फरन्सला टीम घेऊन जाताय? मग सगळे एका रांगेत बसू नका

ऑफिसने पाच तिकिटं काढली, पाचही जण किनोटला, म्हणजे मुख्य भाषणाला, एका रांगेत बसले, मग पाचही जण त्याच एका टॉकला गेले, जेवायला एकच टेबल, चहाला एकच घोळका, आणि संध्याकाळी तेच स्टिकर, तोच टीशर्ट घेऊन ऐरोली नाहीतर ठाण्याला उतरले. ठाणे-नवी मुंबईत कुठेही डेव्हलपर कॉन्फरन्स असू दे, वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरला असू दे नाहीतर एखाद्या कॉलेजच्या ऑडिटोरियममध्ये, असे दोन-तीन घोळके दिसणारच. आणि दुपारी तीन वाजता त्यातलेच अर्धे मान टाकून झोपलेले. पाच जण गेले पण ऑफिसला मिळालं एकाच माणसाएवढं. माझं म्हणणं सरळ आहे, टीम म्हणून गेलात तर आत शिरल्यावर पांगा, ठरलेल्या वेळी भेटा, आणि ते भेटणं खुर्चीत नको, चालता चालता असू दे.

आदल्या दिवशी अर्धा तास काढून शेड्यूल उघडून बसा, सगळे मिळून. पहिलं काम म्हणजे कुठल्या गोष्टी रेकॉर्ड होणार ते शोधायचं. मुख्य हॉलमधले टॉक बऱ्याच ठिकाणी नंतर यूट्यूबवर येतात, ते घरी दीडपट स्पीडने बघता येतात. वर्कशॉप, लायटनिंग टॉक म्हणजे पाच मिनिटांची छोटी भाषणं, एकाच विषयावर बोलायला जमणारे छोटे गट ज्याला बर्ड्स ऑफ अ फेदर म्हणतात, आणि सगळे मिळून कोड लिहायचं स्प्रिंट, यातलं बरंचसं रेकॉर्ड होत नाही आणि झालं तरी तिथे नसताना बघण्यात काही मजा नाही, म्हणून माणसं आधी तिकडे लावा. किनोटला एक जण बस झाला. खरंच. बाकीच्यांना कंपन्यांच्या बूथवर पाठवा कारण किनोट चालू असताना बूथवर गर्दी नसते आणि तिथला इंजिनिअर निवांत बोलतो, नंतर दिवसभर तो फक्त स्टिकर वाटत असतो.

दुसरं, टॉक वाटून घेऊ नका, प्रश्न वाटून घ्या. म्हणजे आपल्या प्रोजेक्टमध्ये सध्या काय अडलंय त्याची यादी काढा, पोस्टग्रेस डेटाबेसचं अपग्रेड सहा महिने लटकलंय, टेस्ट कधी पास होतात कधी उगाच फेल, काफ्काचा लॅग, म्हणजे मेसेज मागे पडणं, रात्री वाढतो, काय असेल ते, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक-दोन प्रश्न द्या. मग तो माणूस टॉकला जाईल, बूथवर जाईल, जेवणाच्या लाईनीत कुणालातरी विचारेल, कसंही करून त्याने त्या प्रश्नाचं उत्तर नाहीतर उत्तर माहीत असलेल्या माणसाची ओळख घेऊन यायची. ट्रेनी असेल तर त्यालाही खरा प्रश्न द्या, "तू बघ काय इंटरेस्टिंग वाटतंय" असं सांगून सोडलं की तो बिचारा दिवसभर मोबाईलमध्ये.

आणि ऑनकॉल कोण आहे, म्हणजे चालू सिस्टीम बिघडली तर धावायची पाळी कुणाची, ते आधी ठरवा! सगळी टीम हॉलमध्ये आणि प्रॉडक्शनचा अलर्ट वाजला की पाचही जण एकदम लॅपटॉप उघडून जिन्यात बसतात. ज्याची पाळी आहे त्याने दाराजवळची खुर्ची धरायची, फोन व्हायब्रेटवर, बाकीच्यांनी अलर्टच्या चॅनलकडे बघायचंच नाही, अगदी गरज पडली तर तो फोन करेल. अर्ध्या दिवसानंतर पाळी बदला म्हणजे एकाचाच बळी जात नाही. आदल्या संध्याकाळी रिलीज करायचा मोह पण टाळा, हे सांगायला लागू नये पण लागतं.

प्रवासाचं थोडं. कॉन्फरन्स बहुतेक शनिवार-रविवारी असतात आणि रविवारी मेगाब्लॉक, हार्बरला असतो, कधी ट्रान्सहार्बरलाही, तेव्हा शनिवारी रात्रीच बघून ठेवा. ठाण्याहून वाशीला येणाऱ्यांनी लोकलचा इंडिकेटर नीट वाचा, पनवेलची गाडी तुर्भ्यावरून जुईनगरला वळते, ती वाशीला येतच नाही, मग तुर्भ्याला उतरून वाशीची गाडी बघत उभं राहायचं. बाहेरगावचे पाहुणे हमखास यात फसतात, त्यांना आधी सांगा. वाशी स्टेशनवरून सिडकोचं सेंटर चालत जाण्यासारखं आहे, रिक्षा करू नका, तेवढेच सकाळचे पाय मोकळे होतात आणि तेवढ्या चालण्यात आज कोण कुठे जाणार ते ठरून पण जातं.

बॅग हलकी ठेवा. पाच जणांचे पाच लॅपटॉप पहिल्या दिवशी लागत नाहीत, टॉकच्या दिवशी दोन पुरतात, बाकीच्यांना वही-पेन. दिवसभर खांद्यावर अडीच-तीन किलो घेऊन फिरलं की माणूस आपोआप खुर्ची शोधतो आणि एकदा बसला की बसला. दोन टाईप सी पोर्टवाला एक दणकट चार्जर टीममध्ये एकच, आणि एक एक्स्टेंशन बोर्ड. हा बोर्ड विसरू नका. हॉलमध्ये सॉकेट भिंतीला असतात आणि प्रत्येकावर कुणीतरी आधीच मोबाईल लावलेला असतो, तिथे "भाऊ हा बोर्ड लावू का, तुमचा पण चालू राहील" म्हटलं की पाच मिनिटात चार अनोळखी लोक तुमच्या बोर्डाभोवती बसून काय काम करता विचारायला लागतात. व्हिजिटिंग कार्डपेक्षा भारी. पाण्याची बाटली, आणि एक पातळ जॅकेट, कारण बाहेर घामाच्या धारा आणि आत एसी असा लावलेला असतो की दुपारपर्यंत हात गार.

आता हॉलमध्ये गेल्यावर. कडेची खुर्ची धरा, मधली नको. टॉक आपल्या कामाचा नाही हे दहा मिनिटात कळतं, पण मध्येच उठणं आपल्याकडे फार उद्धट वाटतं लोकांना, समोरच्याला काय वाटेल, आणि त्या भिडेपोटी चाळीस मिनिटं इन्स्टाग्राम बघत बसतात, जे स्पीकरला स्टेजवरून जास्त स्पष्ट दिसतं. ओपन स्पेस नावाची पद्धत आहे, हॅरिसन ओवेन यांनी १९८५ मध्ये सुरू केलेली, त्याआधी त्यांनी वर्षभर खपून एक कॉन्फरन्स भरवली होती आणि लोक म्हणाले सगळ्यात छान झाले ते कॉफी ब्रेक, मग त्यांनी म्हटलं ठीक आहे, कॉन्फरन्सच ब्रेकसारखी करू. त्यात दोन पायांचा नियम असतो, जिथे आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही तिथून पाय उचलायचे आणि दुसरीकडे जायचं. हा नियम टीमने आधीच मान्य करून टाका म्हणजे उठताना अपराधी वाटत नाही. उठायचं ते टाळ्यांच्या वेळी नाहीतर स्लाईड बदलताना, कंबरेत वाकून चोरासारखं नको, सरळ चालत जा, उलट कुणाचं लक्ष जात नाही.

आणि एका आड एक टॉक मागच्या भिंतीला उभं राहून ऐका. टाचा उचला, खाली करा, खांदे मागे घ्या, मान हळू डावी-उजवी, कुणाला कळत पण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि बसून राहण्याचा वेळ कमी करावा असं आहे. आपण आयटीवाले आठवडाभर खुर्चीत असतो, मग सुट्टीचे दोन दिवस पण कॉन्फरन्सच्या खुर्चीत काढायचे म्हणजे हद्दच झाली.

नोट्सबद्दल माझं मत जरा कडक आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर स्लाईडचे फोटो टाकणं बंद. ते कुणीही परत बघत नाही, त्यात पुढच्या माणसाचं डोकं असतं आणि कोड वाचता येत नाही. एकच शेअर केलेलं डॉक्युमेंट ठेवा, त्यात प्रत्येकाने फक्त तीन गोष्टी टाकायच्या, काय ऐकलं ते एका वाक्यात, कुणाकडून ऐकलं, आणि आपल्याकडे कुठे लागू होईल. तिसरा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, रिकामा राहिला म्हणजे तो टॉक नुसता ऐकायला छान होता, एवढं कळलं तरी पुरे. फोटो टाकायचाच तर खाली एक ओळ लिहा. ग्रुप ठेवा फक्त "हॉल २ भरला", "बूथवर त्या मॉनिटरिंगवाल्या मॅडम आहेत, ये लवकर", "चहा आला" असल्या निरोपांसाठी.

दिवसातून तीनदा भेटा. सकाळी चहाला दोन मिनिटं, जेवणानंतर वीस मिनिटं, संध्याकाळी निघताना. यातली दुपारची भेट सोडू नका, कारण कॉन्फरन्सचं जेवण म्हणजे पुलाव, पनीर, दोन गुलाबजाम आणि मग गार हॉल, त्यानंतर कुणीही जागं राहत नाही. ताट ठेवलं की सरळ बाहेर, बिल्डिंगला दोन-तीन फेऱ्या, फार ऊन असेल तर आत लॉबीतच, आणि चालता चालता प्रत्येकाने सांगायचं, माझ्या प्रश्नाचं काय झालं, कोण भेटलं, दुपारी कुठे जातोय. ऑफिसात रोजचा स्टँडअप, म्हणजे खरं तर उभ्याने करायची छोटी मीटिंग, बसून करणारी मंडळी आपण, इथे निदान चालून करू. यात एक गंमत होते, चालताना लोक लांबण लावत नाहीत, दम लागतो ना. ठाण्यात असेल कॉन्फरन्स तर सकाळी पहिल्या सेशनच्या आधी मामलेदारची मिसळ खाऊन जाऊ नका एवढंच सांगतो, ती संध्याकाळी खा, तर्रीवर ताव मारून आर्किटेक्चरचा टॉक ऐकणं माणसाला जमत नाही.

गॅलरीत, पॅसेजमध्ये उभं राहून जे बोलणं होतं ते मला तरी टॉकपेक्षा जास्त कामाचं वाटतं. इथे एक छान नियम आहे, पॅकमॅन नियम म्हणतात, एरिक होल्शर यांनी मांडलेला, घोळक्यात उभं राहताना गोल पूर्ण बंद करायचा नाही, एका माणसाची जागा उघडी ठेवायची, त्या पॅकमॅनच्या तोंडासारखी, म्हणजे नवा माणूस येऊन उभा राहू शकतो. आणि तो आला की परत जागा करायची. आपल्याकडे यात एक भर घालावी लागते, आपले चार मराठी लोक जमले की मराठी सुरू होतं आणि चेन्नईचा माणूस हसत हसत उभा राहून दोन मिनिटात निघून जातो, तेव्हा तो आला की पटकन इंग्लिश नाहीतर हिंदी. दोघादोघांनी फिरा, एक जुना एक नवा, आणि स्वतःची ओळख स्वतः करून देण्यापेक्षा एकमेकांची करून द्या. "ही आमच्याकडे पेमेंटचं सगळं बघते, परवाच तिने डुप्लिकेट व्यवहारांचा घोळ सोडवला" असं तुम्ही सांगितलं तर समोरचा लगेच विचारतो कसं काय, तेच तिने स्वतः सांगायचं म्हटलं तर ती म्हणणार, "हाय, आय ॲम बॅकएंड डेव्हलपर", विषय संपला.

बोलायला फार आवडत नाही अशी माणसं टीममध्ये असतात, त्यांना ढकलू नका. एखादा स्लॉट "मी ऑफ आहे" लिहून कोपऱ्यात कानात हेडफोन घालून बसायची मुभा सगळ्यांना असू दे. लायटनिंग टॉक मात्र त्यांच्याकडून करून घ्या, पाच मिनिटांचाच असतो, ओपन माईकसारखी नावं त्याच दिवशी घेतात पुष्कळ ठिकाणी, एकाने बोलायचं, दुसऱ्याने स्लाईड करायच्या, तिसऱ्याने समोर बसून वेळ दाखवायची. त्या पाच मिनिटांनंतर लोकच येऊन बोलतात, आपल्याला जावं लागत नाही.

आता स्प्रिंट, म्हणजे शेवटच्या दिवशी ओपन सोर्सवर सगळे मिळून बसून कोड लिहायचा तो प्रकार, इथे टीमचा खरा कस लागतो. तयारी घरूनच करून या. रेपो, म्हणजे प्रोजेक्टचा सगळा कोड, क्लोन करून म्हणजे आपल्या लॅपटॉपवर उतरवून, त्याला लागणाऱ्या डिपेंडन्सी टाकून, टेस्ट एकदा चालवून या. हॉलचं वायफाय ऐनवेळी मान टाकतं, मग सगळे आपापला हॉटस्पॉट चालू करतात आणि अजून वाट लागते, कारण २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि तिथे पन्नास फोन ओरडत असतात. हॉटस्पॉट लावायचाच तर ५ गिगाहर्ट्झवर, त्याहून चांगलं म्हणजे केबलने टेदरिंग, मोबाईल सरळ लॅपटॉपला जोडून. एकाने पेनड्राईव्ह आणायचा, त्यात डॉकरच्या इमेज, म्हणजे प्रोग्राम चालायला लागणारं सगळं बांधलेलं पॅकेट, सेव्ह करून टार फाईलमध्ये, आणि रेपोचं गिट बंडल, ती एकच फाईल असते आणि तिच्यावरून नेटशिवाय क्लोन होतं. शेजारच्या टेबलावर कुणी दीड जीबी डाऊनलोडकडे बघत बसला असेल त्याला तो पेनड्राईव्ह द्या, झाली ओळख.

दोघांनी एका लॅपटॉपवर बसायचं, एक टाईप करणार, दुसरा सांगणार, दर बारा-पंधरा मिनिटांनी मोबाईलचा टायमर वाजला की जागा बदलायची. की-बोर्ड सरकवायचा नाही, माणसांनी उठून खुर्च्या बदलायच्या. ऐकायला येडपट वाटतं, पण चार तासांच्या स्प्रिंटमध्ये त्यामुळे पंधरा-वीस वेळा उठणं होतं आणि पाठ धरत नाही. जास्त येणारा माणूस सांगणारा असेल तेव्हाच जोडी नीट चालते, तो टाईप करायला लागला की दुसरा प्रेक्षक होतो, हे हमखास.

कमिट करताना, म्हणजे केलेला बदल नोंदवताना, दोघांचं नाव येऊ दे. कमिट मेसेज लिहून झाला की एक ओळ रिकामी सोडायची आणि मग शेवटी को-ऑथर्ड-बाय, पुढे नाव आणि कोनी कंसात ईमेल. हा ईमेल गिटहबच्या, म्हणजे कोड जिथे ठेवतात त्या साईटच्या, अकाऊंटला जोडलेलाच हवा, ऑफिसचा टाकला आणि तो जोडलेला नसला तर प्रोफाईलवर काहीच दिसत नाही. ट्रेनी मुलांसाठी हे फार मोठं असतं हो, पहिलं कॉन्ट्रिब्यूशन आपल्या नावावर दिसणं. आणि हो, ऑफिसच्या लॅपटॉपवरून ओपन सोर्सला कोड द्यायची परवानगी आहे का ते शुक्रवारीच विचारून घ्या.

काम निवडताना "गुड फर्स्ट इश्यू", म्हणजे नवख्यांसाठी सोपं काम, हे लेबल बघा, आधी इश्यूवर कमेंट टाका की आम्ही दोघं घेतोय, आणि एका वेळी एका रेपोवर टीमचा एकच पीआर, म्हणजे आमचा बदल घ्या अशी विनंती. पाचही जणांनी तासाभरात पाच पीआर फेकले की मेंटेनर, म्हणजे तो प्रोजेक्ट सांभाळणारा, वैतागतो. २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्टला, म्हणजे पीआर दिले की टीशर्ट मिळायचा त्या ऑनलाईन उपक्रमाला, टीशर्टच्या नादात इतके फालतू पीआर आले की शेवटी ज्या रेपोला हवं त्यानेच भाग घ्यायचा असा नियम करावा लागला, त्या वाटेला जायला नको.

काय करावं सुचत नसेल तर आपल्याला एक जमेल असं काम सांगतो जे बाहेरच्यांना सहज दिसत नाही, मराठी टेक्स्ट घेऊन कुठल्याही ॲपचा सर्च तपासा. "दऱ्या" हा शब्द दोन प्रकारे टाईप होतो, काही की-बोर्ड ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला य जोडतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जॉइनर टाकतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका पद्धतीने साठवलं आणि दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर बऱ्याच ठिकाणी सापडत नाही, युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे असे वेगवेगळे प्रकार एकसारखे करणं, लावलं तरी जुळत नाही. तसंच ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं, त्यामुळे लोक आधीपासून अ वर चंद्र लावून टाईप करायचे आणि तसा जुना डेटा अजून पडलेला असतो. एकाने टाईप करायचं, एकाने बाईट, म्हणजे आत प्रत्यक्ष काय साठवलंय ते, तपासायचे, एकाने नीट इश्यू लिहायचा, नेमकं काय टाकलं, काय मिळायला हवं होतं, काय मिळालं. ज्याला त्या प्रोजेक्टची भाषा येत नाही तो पण यात पूर्ण कामाला लागतो.

संध्याकाळी हॉटेलात कोंबून बसण्याआधी थोडं फिरा, वाशीत सेक्टर १० चं मिनी सीशोअर आहे, ठाण्यात तलावपाळी. बाहेरगावचे स्पीकर आले असतील आणि सीझन असेल, थंडीपासून मे पर्यंत, तर रविवारी सकाळी नेरूळला टी एस चाणक्य या मर्चंट नेव्हीच्या कॉलेजच्या मागे फ्लेमिंगो बघायला घेऊन जा त्यांना. स्टेजवर जे सांगत नाहीत, कुठलं मायग्रेशन फसलं, कुठलं टूल त्यांनी सहा महिन्यात फेकून दिलं, ते अशा वेळी आपणहून सांगतात. भरती-ओहोटी बघून जा, भरतीला खाडीतला चिखल बुडतो तेव्हा पक्षी इकडच्या पाणथळ जागेत येतात. रात्री परतताना मुली कुठल्या स्टेशनला उतरणार ते बघून त्या दिशेच्या लोकांनी एकत्र निघा, आणि रविवारचं काम असेल तर शनिवारी रात्री पार्टीत रमू नका, झोपा.

सोमवारी ऑफिसात वीस मिनिटांचा डेमो ठेवा, स्लाईड नकोत, ते डॉक्युमेंट उघडा आणि फक्त तिसरा रकाना वाचा. त्यातली एक गोष्ट निवडा, एकच, तिचं तिकीट करून ऑफिसच्या कामाच्या चालू टप्प्यात कुणाच्या तरी नावावर टाका, बाकीच्या बॅकलॉगमध्ये, म्हणजे नंतर करू या यादीत, गेल्या तरी चालेल, तशाही जाणारच. जे जे भेटले त्यांना त्याच आठवड्यात मेसेज करा, "वाशीला एक्स्टेंशन बोर्डवाले आम्ही" असं लिहिलं की लगेच आठवतं. आणि तो कॉन्फरन्सच्या स्प्रिंटमधला पीआर, त्यावर मेंटेनरची रिव्ह्यू कमेंट तीन-चार दिवसांनी येते, नेमकी तेव्हा सगळी टीम ऑफिसच्या कामात बुडालेली असते, म्हणून जोडीतल्या एकाने बुधवारी त्यासाठी अर्धा तास कॅलेंडरमध्ये आधीच अडवून ठेवायचा, आणि जमणारच नसेल तर पीआरवर तसं स्पष्ट लिहायचं म्हणजे दुसरं कुणीतरी तो पुढे नेऊ शकतं.